चौथ्या चाकाच्या खुणा

३ तारीख, सोमवार

ही वही मी विकत आणलेली नाही. नकाशेवाल्या बाईंनी दिली. म्हणाल्या, प्रत्येक चाकाचं काम लिहून ठेवा, कधी काय केलं ते, म्हणजे पुढे काही झालं तर बघता येईल. मी म्हटलं, बाई, मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि चौथीतही निम्मं वर्ष घरीच होते. तर म्हणतात, चौथी भरपूर झाली, चाकं चारच आहेत.

बाई बऱ्या वाटल्या. उंच आहेत, उन्हाने रापलेल्या, बुटांत रेती. इथून चाळीस किलोमीटरवर रेतीचा मोठा पट्टा आहे, त्याच्या जरा अलीकडे त्यांचा तळ आहे. जमीन मोजायची आणि नकाशे करायचे, हा त्यांचा धंदा. त्यांची उंच गाडी आमच्या दारात लावून गेल्यात आणि चार नवी चाकं खोक्यांतून उतरवलीत. शुक्रवारी न्यायला येणार.

ह्यांनी खोकी बघितली आणि म्हणाले, "असली थेरं मी तीस वर्षांत केली नाहीत."

मी म्हटलं, "तुम्हाला कोण करायला सांगतंय? मी करणार आहे."

मग दोन ठोके.

ठोक्यांचं लिहून ठेवते, वहीत जागा आहे. ह्यांची उजवी बाजू गेली त्याला चौदा महिने झाले. हात लोंबतो, पाय धरत नाही. पुढे टायर-दुरुस्तीचं दुकान आणि मागे आमची खोली, मधल्या दारात ह्यांची लोखंडी खुर्ची. तिथून दोन्हीकडचं दिसतं म्हणून तिथेच बसायचं. मला आतबाहेर करायचं तर पोट आत घेऊन तिरकं जावं लागतं. डाव्या हातात बावीस नंबरचा पाना असतो, तो खुर्चीच्या पायावर वाजवतात. दोन ठोके म्हणजे ये. तीन म्हणजे पाणी. सारखं वाजवलं की मोरीत न्यायचं. मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापलीकडे चौदा महिन्यांत गेलेली नाही.

काम उद्या सुरू.

४ तारीख, मंगळवार

चाक पहिलं. लिहायचं म्हणजे सगळं लिहिते, चुकलं तेही.

साध्या चाकात टायरची कड रिमच्या खाचेत हवेच्या जोरावर बसते. हवा कमी केली की कड सुटते. पण रेतीत गाडी चालवायची तर हवा कमीच करावी लागते, टायर पसरला पाहिजे, नाहीतर गाडी रुतते. म्हणून ही चाकं. ह्यांत टायरची बाहेरची कड रिमच्या ओठावर ठेवायची, वरून लोखंडाचं जाड कडं, आणि कड्यातून चोवीस बोल्ट. कड मध्ये चिमटली जाते. मग हवा नावाला ठेवली तरी टायर कुठे जात नाही.

वाचायला सोपं आहे. मी बोल्ट एकाशेजारी एक आवळत गेले, जसे हाताला आले तसे. अकराव्या बोल्टला कडं एका बाजूने वर आलं. सगळे काढले. ह्यांना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी हसले, तेही माझ्यावर.

"समोरासमोर आवळतात, अगं ए. एक इथला, एक त्याच्या समोरचा. मी तुला पहिल्या वर्षीच शिकवलंय."

"मग अकरा होईपर्यंत गप्प का बसलात?"

"बघत होतो, आठवतं का ते."

हे असले. पण शिकवलं ह्यांनीच, ते खोटं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला पाना कुठल्या बाजूने धरायचा ते माहीत नव्हतं. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. तेव्हा ह्यांचा हात म्हणजे शिकंजा होता.

परत बसवलं. पहिला फेरा पान्याचा आकडा दहावर ठेवून. हा पाना बाईंचाच आहे, ठरवलेला जोर झाला की कट्ट वाजतो. दुसरा फेरा अठरावर. दहावर आवळलेलं हाताला घट्टच वाटतं, पण बाईंनी बजावलंय, अठरा म्हणजे अठरा. अठरा झालं की प्रत्येक बोल्टवरून कड्यापर्यंत एक रेघ मारायची. बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटते आणि लांबूनच कळतं. रंग नव्हता म्हणून लेकीची राहिलेली लाल नखपॉलिशची बाटली काढली. ती सासरी गेली, बाटली इथेच.

मध्ये अकरा वेळा उठले. पाणी, पंखा, पाणी, उशी, माशी. माशी मारायला सुद्धा मी.

५ तारीख, बुधवार

चाक दुसरं. दुपारी दीडला झालं. कडं सरळ, रेघा चोवीस. गुडघ्याची वाट लागली.

शेजारचा शिंपी कात्रीला धार लावायला आला. म्हणतो, "वहिनी, भाऊंची तब्येत सुधारली की. काल तुम्ही नळावर गेला होतात तेव्हा दारात उभे होते, रस्ता बघत."

मी म्हटलं, "तुमचा चष्मा बदला. खुर्ची दिसली असेल."

"खुर्ची कशाला उभी राहील?"

"शिवणयंत्रासमोर तीस वर्षं बसलं की काहीही उभं दिसतं."

गेला बिचारा धार लावून. डॉक्टरांनी ह्यांना रोज चालायला सांगितलं होतं. दोन दिवस चालले, तिसऱ्या दिवशी मोरीपाशी पडले. तेव्हापासून पाय टेकत नाहीत. मी धरून नेते तेव्हा सगळा भार माझ्या खांद्यावर. एवढा मोठा माणूस. शिंप्याला काय जातंय बोलायला.

चारच्या सुमाराला बाई काम बघायला आल्या. बोटांनी कड्याची फट चाचपली, चारी बाजूंनी. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडे अजून पाच गाड्या आहेत. सगळ्यांना हीच चाकं बसवायचीत. आणि ही बसवून सोडून देता येत नाहीत, दर आठवड्याला बोल्ट तपासावे लागतात. तळावर याल? आठवड्याचे तीन दिवस. राहायला खोली आहे, स्वतंत्र."

मी म्हटलं, "नाही जमायचं."

"विचार तरी करा."

"विचार करायला काही नाही त्यात. हे कसं सोडू?"

ह्यांचे डोळे मिटलेले होते. झोप लागली होती, बरं झालं. ऐकलं असतं तर उगाच मनाला लावून घेतलं असतं.

स्वतंत्र खोली म्हणजे दाराला आतून कडी असेल. मोकळं दार, मध्ये कोणाची खुर्ची नाही. हे कशाला लिहिलं मी? चाकांची वही आहे ही.

६ तारीख, गुरुवार

चाक तिसरं. पहाटेपासून ह्यांच्या छातीत धडधड. नाडी बघितली तर घड्याळासारखी चालली होती. तरी म्हणतात, "तू लांब गेलीस की होतं." लांब म्हणजे कुठे, कॉम्प्रेसरपाशी!

ठोके मोजले. एकतीस वेळा बोलावलं. एकदा नुसतंच. गेले तर म्हणाले, "काही नाही, आहेस ना बघितलं."

चाक झालं. रेघा चोवीस.

७ तारीख, शुक्रवार

चाक चौथं. गाडी गेली.

सकाळी कडं बसवलं, पहिला फेरा केला. चाक कॉम्प्रेसरच्या मागे कोपऱ्यात आडवं होतं, तिथे जागा मोकळी असते म्हणून. एवढ्यात सारखे ठोके. धावत गेले तर मोरीचं काही नव्हतं. चक्कर येतेय, गोळ्या संपल्यात, आत्ताच्या आत्ता आण. डबीत दोन दिसत होत्या तरी म्हणाले, त्या जुन्या आहेत. भांडत बसले असते तर वेळ गेला असता, म्हणून गेले. औषधाच्या दुकानात ही गर्दी. एका म्हाताऱ्याला खोकल्याच्या चार बाटल्यांतली सगळ्यात कडू कुठली ते हवं होतं. पाऊण तास.

परत आले तर बाईंचा ड्रायव्हर दारात हजर, हॉर्नवर हात. "मावशी, अंधार व्हायच्या आत तळावर पोचायचंय. सोमवारी गाडी रेतीत जाणार." चारही चाकांवर लाल रेघा होत्या. म्हटलं चला, झालंय. चार दिवस तेच तेच काम, हात आपोआप करतात, डोकं कुठे असतं कोणाला ठाऊक. हवा भरली, चढवली, गाडी गेली. ड्रायव्हरने बाईंचा निरोप दिला, "विचार करून ठेवा." त्यांचा पाना इथेच ठेवलाय, पुढच्या गाड्यांसाठी म्हणे. हट्टी आहेत.

आज हे पोटभर जेवले. मला म्हणाले, "तुझ्या हातची चाकं आता डोंगर चढणार." चक्कर कुठल्या कुठे. नव्या गोळ्यांचा गुण असेल. डाव्या अंगठ्याला लाल डाग होता, ओल्या फडक्याने पुसला, गेला नाही. औषध सांडलं असेल.

९ तारीख, रविवार

सकाळी पाना पुसून खोक्यात ठेवायला घेतला. आकडा दहावर.

 तिसऱ्या चाकाचा शेवटचा फेरा अठरावर केला. चौथ्याच्या पहिल्या फेऱ्याला आकडा खाली दहावर आणला. परत वर नेलाच नाही. म्हणजे चौथ्याचा दुसरा फेरा झालाच नाही. मग रेघा कोणी मारल्या?

ह्यांना विचारलं. आधी हातातला पाना मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मी मारल्या. तुला तेवढीच मदत."

 बिचाऱ्याला चौदा महिने कोणी कसली मदत मागितली नाही. डाव्या हाताने चोवीस रेघा, आणि माझ्यापेक्षा सरळ. मग राग आला. म्हटलं, "अहो, रेघ म्हणजे काम झाल्याची खूण. काम झालेलंच नाही! सांगायचं तरी."

"दहावर काय उघडं पडतंय? घट्टच असतं."

"हवा भरलेली असेपर्यंत. उद्या ते रेतीत शिरणार, हवा सोडणार, आणि उतारावर कडं सरकलं की टायर भसकन बाहेर. गाडीत तीन माणसं आहेत."

"फोन कर की."

वीस वेळा केला. लागत नाही. तळावर लागला तर लागतो, एरवी नाही. आज टँकर नाही. तळाला पाणी नेणारा टँकर रोज सकाळी सहाला इथून जातो, रविवार सोडून.

म्हटलं, "उद्या टँकरवर जाते."

"मला कोण बघणार?"

"शिंप्याला सांगते. संध्याकाळपर्यंत येते."

"शिंपी मला मोरीत नेणार?" आणि मग बावीसचा पाना वाजायला लागला. दोन, तीन, सारखे, नुसतेच. खुर्चीच्या पायाचा रंग उडाला. मी भांडी घासत होते. शेवटी म्हटलं, "तुम्हीच मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. आपल्या हाताखालून गेलेलं चाक रस्त्यात सुटलं तर आपण पुन्हा पान्याला हात लावायचा नाही. आठवतंय का, की त्यालाही अकरा बोल्ट थांबायचं?"

ठोके थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "तू गेलीस की परत येणार नाहीस."

काय बोलतात! चाक आवळायला चाललेय मी, तीर्थाला नाही.

१० तारीख, सोमवार

सगळं नीट लिहिते, मग झोपते.

सहाला टँकर. टँकरवाला म्हणतो, "काकू, तुम्ही? मला वाटलं तुम्ही दुकानाच्या भिंतीतच बांधलेल्या आहात."

"गाडी चालव. आणि तुझ्या मागच्या टायरला टक्कल पडलंय, लक्षात असू दे."

पिशवीत पाना आणि नखपॉलिशची बाटली. खिडकीतून रस्ता बघत होते. नवीन पूल झालाय, मला माहीतच नव्हता. दोन ठोक्यांसाठी कान टवकारलेले, आणि तासभर एकही नाही. पिशवी उगाच दोनदा उघडून बघितली. ह्यांची काळजी म्हणावी तर तसंही नव्हतं, काय होतं ते मला सांगता यायचं नाही. टँकरवाला गाणं म्हणत होता, बेसूर. मी गप्प बस म्हटलं नाही.

तळावर पोचलो तर गाडी अर्ध्या तासापूर्वी निघून गेलेली. माझ्या तोंडाकडे बघून टँकरवाल्याने पाण्याचा पाइप परत गुंडाळला. म्हणाला, "बसा. रेती सुरू होते तिथे हवा सोडायला थांबतात ते. चार चाकं, वेळ लागतो."

खरंच थांबले होते. लांबूनच हॉर्न सुरू केला त्याने, बाजूची पाखरं उडाली. ड्रायव्हर तिसऱ्या चाकाच्या तोंडाशी बसला होता, हवा फुस्स करत होती. मी उतरले ती सरळ चौथ्याकडे. सात रेघा तुटलेल्या! नुसत्या येण्याच्या चाळीस किलोमीटरात. कड्याच्या एका बाजूला नख जाईल एवढी फट.

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, ह्याची हवा तर मी आत्ता सोडणार होतो."

"सोडलीस का?"

"नाही."

"मग तोंड मीट आणि जॅक काढ."

पाना अठरावर. समोरासमोर. एक इथला, एक तिथला. चोवीस वेळा कट्ट. असा आवाज मी कधी ऐकला नाही, भोवती काहीच नव्हतं त्यामुळे असेल. कट्ट, आणि मग वारा. कोणी बोलावत नव्हतं. पहिल्यांदाच असं झालं, की सुरू केलेला फेरा मी न उठता पुरा केला. जुन्या रेघा खरवडून नव्या मारल्या. बाकीची तीन चाकंही तपासली. एकही रेघ हललेली नव्हती.

बाई गाडीतून उतरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हे एकच चाक कसं राहिलं?"

म्हटलं, "माझी चूक."

 दुपारी तळावर परतल्यावर त्यांनी मला ती खोली दाखवली. खाट, खिडकी, पाने लावायला फळी. कडी आतून आहे. मी लावून बघितली. काढली. म्हटलं, "सांगते."

परत आले तेव्हा पाच वाजले होते. शिंपी दुकानाच्या पायरीवर बसलेला, तोंड एवढंसं. "वहिनी, मी दर तासाला आलो, पण भाऊंनी दाराला आतून कडी घातली होती. म्हणाले, मला कोणाची गरज नाही. अकराला पाण्याचा तांब्या घेऊन आलो तर खिडकीतून परत दिला." मग हळूच, "आता चार वाजता उघडलीय."

आत गेले. हे खुर्चीत. म्हणाले, "दिवसभर घशाला थेंब नाही." मी पाणी दिलं, मोरीत नेलं, खांद्यावर सगळा भार, नेहमीसारखा. परत बसवलं.

मग बसले. दुकानाच्या दाराची कडी वरच्या बाजूला आहे. मला टाचा उंचवाव्या लागतात.

उठून कॉम्प्रेसरमागच्या कोपऱ्यात गेले. चौथं चाक जिथे होतं तिथे जमिनीवर लाल थेंब सुकलेला. खुर्चीपासून तिथपर्यंत चालले. परत चालले. चौदा पावलं. दोन्ही वेळा चौदा.

हे बघत होते.  

११ तारीख, मंगळवार

झोप लागली नाही. चौदा महिने मोजत पडले. कुठल्या दिवसापासून चालता येत असेल? पहिल्यापासून की गेल्या आठवड्यापासून? विचारलं तर सांगतील का? शुक्रवारच्या गोळ्या आणायला मला का पाठवलं तेही आत्ता कळतंय, चक्कर-बिक्कर काही नव्हती. बुधवारी डोळे मिटलेले होते, कान उघडे होते. चाक बिघडलं असतं तर बाईंनी मला परत बोलावलंच नसतं. आणि मला वाटलं होतं मदत केली. मी शिंप्याला चष्मा बदलायला सांगितला. त्याच्याकडे जाऊन म्हटलं, चष्मा बरा आहे तुमचा. त्याने दोऱ्याचं एक रीळ भेट म्हणून हातात ठेवलं. चांगला आहे.

राग पुष्कळ आहे. पण ते हळू बोललेलं वाक्यही डोक्यातून जात नाही. एवढा मोठा माणूस, आणि मोरीपाशी एकदा पडला त्याला एवढा भ्यायला.

सकाळी सहाला टँकर थांबवून निरोप दिला. गुरुवारी येते म्हणावं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

मग ह्यांना अंघोळ घातली, केस विंचरले. हे अंग पुसून घेत होते तेव्हा खुर्चीवरचा बावीसचा पाना उचलला, नीट पुसला आणि कॉम्प्रेसरच्या वरच्या फळीवर टांगला. त्याची जागा तीच आहे, खिळ्यावर आकडा लिहिलेला आहे, ह्यांच्याच हातचा, जुना. खुर्ची दारातून काढून तिथेच शेजारच्या भिंतीला लावली आणि ह्यांना बसवलं.

मी चहा ठेवायला आत आले. थोड्या वेळाने आवाज आला.

"अगं ए. पाना कुठे गेला?"

"जागेवर आहे."

 चहा वर आला, मी गॅस बारीक केला. मग खुर्ची करकरली. मी वळले नाही. एक पाय टेकायचा, एक ओढल्यासारखा यायचा. मी गाळणं हातात धरून मोजत होते. नवाला थांबले. भिंतीचा आधार घेतला असेल. माझा पाय आपोआप पुढे गेला, मी परत मागे घेतला. दहा. अकरा.

चौदा.

खिळ्यावरून पाना काढल्याचा आवाज आला. ठोका मात्र आला नाही.